बिनगोळीची शुगर

१ जानेवारी २००३, बुधवार

रंकाळ्याच्या कठड्यावर आज सकाळी कोंबडीची हाडं, द्रोण, फुटलेल्या बाटल्या आणि कुणीतरी ओकून ठेवलेला तांबडा रस्सा. नव्या वर्षाचं स्वागत म्हणे हे. मी नाकाला रुमाल लावून पुढं निघालो. माणूस खातो काय आणि टाकतो कुठं याचं ज्याला भान नाही, त्यानं कॅलेंडर बदलून काय दिवे लावायचे आहेत?

मी चौतीस वर्षं शाळेत शास्त्र शिकवलं. जठर, लहान आतडं, मोठं आतडं रंगीत खडूनं फळ्यावर काढून दाखवलं. पण आपल्या स्वतःच्या आतड्यात काय सडतंय, ते मला निवृत्तीनंतर, गेल्या महिन्यात एका निसर्गोपचार शिबिरात कळलं. पाच दिवस कच्चं खाल्लं, पोटावर मातीची पट्टी ठेवली, एनिमा घेतला. एनिमाबद्दल लिहीत नाही. तिथले गुरुजी म्हणाले, शरीर हाच आपला वैद्य, आणि गोळी म्हणजे त्या वैद्याच्या तोंडात कोंबलेला बोळा. हे मी लाल शाईनं लिहून घेतलं आहे.

शांतव्वाची, म्हणजे माझ्या बायकोची, शुगर दोनशे चाळीस निघाली. डॉक्टरनं दोन गोळ्या लिहून दिल्या आहेत, सकाळ-संध्याकाळ, जन्मभर. जन्मभर! आज दुपारी ती सगळी पाकिटं मी मोरीत रिकामी केली, एकेक गोळी फोडून. शांतव्वा दारात उभी राहून बघत होती. "साकु री," एवढंच म्हणाली. पुरे म्हणायचं असलं की ती माहेरच्या कानडीत शिरते. मी म्हटलं, "एका महिन्यात बिनगोळीची शुगर खाली आणून दाखवतो." तिनं पदराला हात पुसले आणि शेजारी आक्कांकडे निघून गेली.

५ जानेवारी, रविवार

आकाराम भेटला. आमच्या शाळेचा शिपाई. तीस वर्षं घंटा दिली, माझ्या प्रयोगशाळेतल्या बरण्या पुसल्या. सकाळी सात वाजता गाड्यावर भजी खात होता. तेल हनुवटीवरून गळ्याकडं निघालेलं. शिसारी आली.

"आकाराम, हे काय?"

"भजी हाईत, सर. घ्या की."

"तुला शुगर आहे ना?"

"हाय की. आठ वर्सं झाली. गोळी खाल्लीया सकाळी, काय हुत न्हाय."

म्हणजे गोळीच्या जोरावर भजी! हाच तो बोळा. मी त्याला उभ्या उभ्या सगळं सांगितलं. साखर, मीठ, मैदा ही तीन पांढरी विषं. घास बत्तीस वेळा चावणं. उठल्यावर चार तांबे पाणी. दुधीचा रस, कारल्याचा रस, भिजवलेले मेथीदाणे. त्यानं पूर्वी सूचना ऐकायचा तशी मान खाली घालून ऐकली. मग पुडा कुत्र्यापुढं टाकला. "सर सांगत्यात म्हंजे बराबरच आसनार," म्हणाला. गोळी आजपासून बंद करू का, असंही विचारलं. मी नको म्हटलं. मी शास्त्राचा माणूस आहे. आधी शांतव्वाचा निकाल येऊ दे.

कुत्र्यानं भजी चावली नाहीत, नुसती गिळली. माणसात आणि त्याच्यात फरक तो काय.

१२ जानेवारी, रविवार

निसर्ग वर्ग सुरू झाला. रोज सकाळी सहा वाजता, तळ्याकाठच्या हिरवळीवर. अकरा जण आले. पहिला अर्धा तास दवावर अनवाणी चालायचं, मग नियम, मग रस. रस शांतव्वा काढून देते, आकाराम किटलीतून आणतो. त्याला मी मॉनिटर केलं आहे. सगळ्यांच्या चपला तो ओळीत लावतो आणि स्वतःच्या जाडजूड कापशी वहाणा शेवटी ठेवतो.

खरं लिहायचं तर अकरा जणांचे पाय एकदम बघून माझा उत्साह गेला. भेगा, कुरूपं, पिवळी पडलेली नखं. गणपतराव नावाचे एक गृहस्थ आहेत, तालुक्याला ऑफिसर होते म्हणे, त्यांच्या अंगठ्याच्या नखाखाली काहीतरी काळं आहे. मी त्या दिशेला बघायचं नाही असं ठरवलं. शिकवताना मी झाडाच्या शेंड्याकडे बघतो. लोकांना वाटतं, मी ध्यानात आहे.

२० जानेवारी, सोमवार

आज माझ्या घरातच चोरी पकडली. हिंगाच्या डबीत चंदेरी कागदाचा तुकडा सापडला, अर्धवट फाटलेला, मागं काहीतरी बारीक छापलेलं. चॉकलेट! छप्पन्न वर्षांची बाई हिंगाच्या डबीत चॉकलेट लपवते. मी तो कागद चिमटीत धरून तिच्यापुढं नाचवला.

"खाल्लं एक. चुकलं माझं," ती म्हणाली.

इतक्या लवकर ती कधी चूक कबूल करत नाही. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, मला ठाऊक आहे. कारल्याच्या रसानं स्वभावसुद्धा निवळतो असं दिसतं. वर्गात सांगायला हवं.

तिचं ते आक्कांकडे जाणं मात्र वाढलं आहे. सकाळी जेवल्यावर पाच मिनिटं, संध्याकाळी जेवल्यावर पाच मिनिटं, घड्याळ लावल्यासारखं. आक्का गल्लीत मला बघितलं की तोंडाला पदर लावून हसतात. त्यांच्या घरात सतत काहीतरी तळत असतं. भिंतीतून तेलाचा वास येतो आणि मला जेवण जात नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

एकशे अडतीस! दोनशे चाळीसवरून एकशे अडतीस, एका महिन्यात. लॅबवाल्यानं दोनदा तपासलं. मी रिपोर्ट घेऊन चालतच घरी आलो, रिक्षासुद्धा केली नाही.

शांतव्वाच्या हातात कागद दिला. तिनं तो बघितला आणि तिचा चेहरा उतरला. "कुणाला सांगू नका एवढं," म्हणाली. मी हसलो. पदार्थाला मीठ बरोबर पडलं तरी जी बाई "बरं झालंय" म्हणू देत नाही, ती एवढं कौतुक कशी सोसेल.

२ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं. वर्गात अठ्ठावीस जण होते. रिपोर्ट हातोहात फिरवला. गणपतरावांनी टाळ्या वाजवल्या. आकारामचे डोळे भरून आले.

"सर, आता मी बंद करू न्हवं गोळी?"

मी म्हटलं, "आकाराम, पुरावा तुझ्यासमोर आहे."

त्यानं खिशातून पाकीट काढलं आणि सगळ्यांदेखत माझ्या पायाशी ठेवलं. म्हणाला, "शब्द दिला, सर. आता तोंडात घालत न्हाय." चौतीस वर्षांत मला शाळेत कुणी हार घातला नव्हता. आज तसं वाटलं. पाकीट मी दोन बोटांनी उचलून कचऱ्यात टाकलं, कारण त्याच्या खिशात तंबाखू असते.

९ फेब्रुवारी, रविवार

शांतव्वा दोन दिवस एकच धोशा लावून बसली आहे. आकारामभावजींना गोळ्या सोडू देऊ नका.

"तुला जमलं, त्याला का जमणार नाही?"

"प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं."

"शरीरशास्त्र मला शिकवू नकोस."

"अहो, तुम्ही रागावणार नसाल तर एक सांगायचंय."

मी रस पीत होतो. रस पिताना बोलायचं नसतं, लाळ नीट मिसळत नाही. मी हातानं थांब म्हणून खूण केली. पेला संपला तोवर ती आत गेली होती. नंतर विचारलं तर म्हणाली, काही नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

वर्गात चाळीस जण. आकाराम आता मला हवा तसा दिसायला लागला आहे. गालफडं बसली, पोट गेलं, पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. पाणी तर कळशीनं पितो. वर्ग चालू असताना तीन-चारदा झाडामागं जाऊन येतो. मी सगळ्यांना सांगितलं, शरीर धुऊन निघतंय.

आज एक गोष्ट घडली. अर्धा तास चालणं झाल्यावर कुणीतरी ओरडलं, हिरवळीवर रक्त आहे. पावलापावलाला लाल ठिपका. बघतो तर आकारामच्या टाचेत बाटलीची काच रुतलेली, पेरभर. आणि हा पठ्ठ्या शिट्टी वाजवत फिरतोय.

"दुखत नाही तुला?"

"न्हाय की, सर. कळलंच न्हाय."

मी त्याला दगडावर बसवला आणि वर्गाला दाखवला. बघा म्हटलं, महिनाभर अनवाणी चालल्यावर तळवा किती काटक होतो. काच घुसली तरी दाद देत नाही! टाळ्या पडल्या. आकाराम लाजला. काच गणपतरावांनी काढली, मला रक्त बघवत नाही. कडुनिंबाचा पाला वाटून लावायला सांगितलं.

१ मार्च, शनिवार. महाशिवरात्र

उपवास. सकाळचं दिवसभर डोक्यातून जात नाही. ते लिहून टाकतो म्हणजे मोकळा होईन.

आकाराम आज लंगडत आला. पायाला धोतराचं फडकं बांधलेलं. किटली ठेवून माझ्याजवळ बसला आणि एकदम वास आला. उंदीर मरून कपाटामागं राहिला तर येतो तो वास. मला वाटलं, तळ्यातून येतोय. मग कळलं, कुठून ते.

"सर, जरा बगता का? वाईच काळं पडल्यागत वाटतंय."

त्यानं फडक्याची गाठ सोडायला घेतली. मी बघितलं नाही. फडकं सुटायच्या आत मान वळवली. घशाशी आलं होतं. चाळीस माणसांपुढं ओकलो असतो तर शोभलं असतं का? मी झाडाच्या शेंड्याकडं बघत सांगितलं की घाण बाहेर पडते आहे, हे चांगलं लक्षण आहे. मातीची पट्टी ठेव, हळद लाव, तीन दिवस नुसता रस घे.

"बराय, सर," म्हणाला आणि परत गाठ मारली. मग चपला लावायला गेला. मी वर्गाची जागा वाऱ्याच्या वरच्या बाजूला घेतली.

८ मार्च, शनिवार

काय काय लिहू. क्रमानं लिहितो.

आकाराम पाच दिवस आला नव्हता. दुपारी त्याची बायको तानाबाई दारात आली. फुलेवाडीहून उन्हात चालत. आत या म्हटलं तरी पायरीवरच बसली.

"सर, दवाखान्यात जा म्हणून सांगा त्यास्नी. तापानं फणफणल्यात. माझं ऐकंना झाल्यात. सर म्हणतील तवाच जानार म्हणत्यात."

मी म्हणालो, "घाण निघेपर्यंत ताप यायचाच. आणखी तीन दिवस वाट बघू."

मी हे म्हणालो. बाईच्या तोंडावर.

शांतव्वा स्वयंपाकघरातून आली आणि माझ्याकडं न बघता शेजारी गेली. आक्कांकडून बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली आणि माझ्या टेबलावर उपडा केला. गोळ्यांची पाकिटं. अर्धी रिकामी, मागं तोच चंदेरी कागद, तीच बारीक छपाई.

"दोन जानेवारीपासून घेतेय," ती म्हणाली. "रोज दोन. आक्कांच्या घरी जाऊन. तुमच्या रसानं काही उतरलं नाही. आता उठा, रिक्षा आणा."

मला लाज वाटायला हवी होती. आधी राग आला. पस्तीस वर्षांच्या संसारात बिस्किटाच्या डब्यातून फसवणूक! मी म्हटलं, "मग रिपोर्ट आला तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलायला आले होते. तुम्ही रस पीत होता."

तानाबाई तशीच बसून होती. तिला या सगळ्याचं काहीच नवल वाटलं नाही. म्हणाली, "वैनींनी मला कवाच सांगितलंतं. गोळी ताकात कुटून घाल म्हणाल्या. घातली चार दिस. पाचव्या दिवशी चव वळखली त्येंनी. तांब्या भिताडावर हाणला. सरांस्नी शब्द दिलाय म्हणाले. म्या सांगितलं, वैनीबी घेत्यात. तर मला म्हणाले, सरांच्या घरावर आळ घेतीस व्हय? दोन दिस बोलले न्हाईत माझ्यासंगं."

रिक्षा आणली, फुलेवाडीला गेलो. आकारामला शेजारच्या दोघांनी धरून आत बसवला. मी त्याच्या शेजारी बसलो, कारण दुसरी जागा नव्हती. रिक्षावाल्यानं दोनदा मागं वळून बघितलं. "पावणं, काय मेलंय का वो हितं?" म्हणाला. आकाराम तापात होता तरी त्याला ते ऐकू गेलं. त्यानं पाय माझ्यापासून लांब, पार बाहेरच्या बाजूला ओढून घेतला. मला त्रास नको म्हणून.

९ मार्च, रविवार

शुगर पाचशे दहा. डॉक्टर तरुण आहे. त्यानं विचारलं, गोळ्या कुणी बंद केल्या. मी म्हटलं, मी. त्यानं ते कागदावर लिहून घेतलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मग त्यानं समजावून सांगितलं. आठ वर्षांच्या शुगरनं तळव्याची जाणीव गेली होती. अशा माणसाला घरातसुद्धा अनवाणी फिरू द्यायचं नसतं. काच कळली नाही ती काटकपणामुळं नव्हे.

"आठ दिवस आधी आणलं असतं तर टाचेवरच भागलं असतं," म्हणाला.

घरी येऊन ही वही मागं उलटली. आठ दिवस आधी एक तारीख होती. एक तारखेचं पान वाचलं. माझंच अक्षर, ठळक, वळणदार, एकही खाडाखोड नाही. मोरीत जाऊन ओकलो. पोटात रसाशिवाय काही नव्हतं. हिरवं पाणी पडलं.

१२ मार्च, बुधवार

गुडघ्याखाली काढला. उजवा.

१६ मार्च, रविवार

वर्गात गेलो. सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो आणि सांगितलं. शांतव्वाच्या गोळ्या, काच, वास, मी मान वळवली ते. मला वाटलं, आता कुणीतरी चप्पल उचलेल.

गणपतराव पुढं आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "सर, तुमचं काही चुकलं नाही. वहिनींनी फसवलं. पद्धत खरीच आहे. आकारामनं पथ्य मोडलं असणार, ही माणसं चोरून खातात." दहा-बाराजणांनी माना हलवल्या. एकानं विचारलं, उद्याचा रस कोण आणणार?

मी गोळ्या घेणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगितलं की डॉक्टरला विचारल्याशिवाय एकही सोडू नका, आणि पायात चपला घाला. पाच जणांनी चपला घातल्या. बाकीचे गणपतरावांमागून दवावर चालायला लागले. त्यांच्या अंगठ्याचं ते काळं नख आज मी नीट बघितलं. मग त्यांना हाक मारली, पाय दाखवून घ्या म्हटलं. त्यांनी लांबूनच हात हलवला.

एवढी किळस मला आजवर कशाचीच आली नव्हती. त्यांची नव्हे. त्यांच्या तोंडून निघणारं एकूणएक वाक्य माझं होतं.

२० मार्च, गुरुवार

हॉस्पिटलात जायचं तीन दिवस टाळलं. आज शांतव्वानं डबा भरून हातात दिला. नाचणीची भाकरी, मुगाची आमटी, दोडक्याची भाजी. "डॉक्टरना विचारून केलंय," म्हणाली. "स्वतः नेऊन द्या."

आकाराम उशीला टेकून बसला होता. मला बघून उठायला गेला आणि मग आठवलं असावं, तसाच राहिला. शेजारच्या खाटेवर चंदगडकडचा एक माणूस आहे, पिराजी नावाचा. त्यालाही शुगरच. आकारामनं त्याला माझी ओळख करून दिली.

"ह्ये आमचं सर. म्या सांगितलं न्हवं? वैनींची शुगर बिनगोळीची उतरिवली ह्येंनी. माजंच चुकलं. शिवरातीला साबूदान्याची खिचडी खाल्ली वाटीभर. सरांनी नुसता रस घे म्हणून सांगितलंतं."

पिराजीनं हात जोडले. "सर, मलाबी द्या की लिहून. कटाळा आलाय गोळ्यांचा."

तानाबाई खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तिनं नवऱ्याला परत काही सांगितलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. ती माझ्याकडं बघत राहिली. मदत करायची तिची काही इच्छा दिसत नव्हती.

मी म्हटलं, "आकाराम, खिचडीनं काही झालं नाही. शांतव्वानं गोळ्या सोडल्याच नव्हत्या. रोज दोन घेत होती, मला चोरून. माझ्या रसानं कुणाचीही शुगर उतरली नाही. तानाबाई तुला खरं सांगत होत्या. आणि शिवरात्रीला तू पाय दाखवत होतास, तेव्हा मला किळस आली म्हणून मी बघितलं नाही."

वॉर्डात कुणीतरी खोकत होतं. आकारामनं चादरीवरून हात फिरवला, पाय जिथं संपतो तिथपर्यंत. मग म्हणाला, "म्हंजे वैनी बऱ्या हाईत न्हवं?"

"बऱ्या आहेत."

"मग बेस झालं की."

मला वाटलं, यानं मला थोबाडीत मारायला हवी होती. मारली नाही. बायकोकडं मात्र त्यानं मान वर करून बघितलं नाही. तांब्या भिंतीवर मारल्याचं आठवत असावं. पिराजीनं जोडलेले हात सावकाश खाली घेतले आणि उशीखालची गोळ्यांची पुडी चाचपून बघितली.

तेवढ्यात नर्सबाई पट्टी बदलायला आल्या. "कुणीतरी पाय वर धरा," म्हणाल्या. मी नेहमीच्या सवयीनं बाजूला झालो. तानाबाईंनी जागा सोडली नाही. "सर, तुमी धरा," म्हणाल्या. "दोनी हातांनी."

मी धरला. हलका होता आणि गरम. नर्सबाई एकेक पदर सोडवत गेल्या. शेवटचा चिकटला होता, तो पाण्यानं भिजवून काढला. पिवळं, लाल, काळ्या दोऱ्याचे टाके. वास आला. घशाशी आलं ते गिळलं, परत आलं, परत गिळलं. सगळं संपेपर्यंत मी तिथंच बघत होतो. आकाराम म्हणाला, "सर, तरास हुतोय तुमास्नी, ऱ्हाऊ द्या." मी राहू दिलं नाही.

नवी पट्टी झाली. हात धुतले. डबा तानाबाईंपुढं ठेवला, तो त्यांनी उघडून बघितला आणि झाकण लावलं. मी येतो म्हटलं. त्यांनी मला काही विचारलं नाही.

"पट्टी रोज असती," म्हणाल्या. "सकाळी नवाला. नवाला यायचं."